ईआरसीसी१ पॉझिटिव्ह आला म्हणून सिसप्लॅटिन नाकारू नका: फुफ्फुसाचा कर्करोग आणि प्रोटीन मार्कर

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

इथल्या आरोग्य विभागात एकाने विचारलं होतं, वडिलांच्या फुफ्फुसाच्या गाठीच्या रिपोर्टात 'ईआरसीसी१ (पेशीतलं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह' लिहून आलंय, मग आता सिसप्लॅटिन हे केमोचं औषध लागू पडणार नाही का? खाली काही जणांनी 'हो, रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) असतो, दुसरं औषध मागा' असं लिहूनही टाकलं. मी हिस्टोपॅथॉलॉजीत (गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या विभागात) काम करते, असल्या स्लाइड रोज नजरेखालून जातात. ती उत्तरं वाचून मी फार अस्वस्थ झाले. अशा एका ओळीवरून कुणी केमो नाकारली तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून स्वतंत्र धागा काढतेय.

सिसप्लॅटिनपासून सुरुवात करते. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि नुसते लांबच लांब वाढत गेले. कारण शोधता शोधता लक्षात आलं की हे विजेमुळे होत नाही, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांमुळे होतंय. हे १९६५ साली छापून आलं आणि १९७८ मध्ये सिसप्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध पेशीत शिरून डीएनएमधल्या शेजारशेजारच्या ग्वानिनना एकमेकांशी जखडतं. डीएनएला तिथे बाक येतो, त्याची प्रत निघत नाही आणि पेशी मरते.

पण पेशीकडे दुरुस्तीची सोय असते. बिघडलेला तुकडा, साधारण २५ ते ३० अक्षरांचा, दोन्ही बाजूंनी कापून काढायचा आणि समोरच्या पट्टीवरून नवा भरून घ्यायचा. यातली एका बाजूची कात्री म्हणजे ईआरसीसी१ आणि एक्सपीएफ या दोन प्रोटीनांची जोडी. (या दुरुस्तीची पायरी न पायरी उलगडणारे अझीझ सांजार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी आहेत.) तेव्हा तर्क सरळ होता. ज्या गाठीत ईआरसीसी१ भरपूर, ती गाठ सिसप्लॅटिनने केलेलं नुकसान दुरुस्त करून घेणार आणि औषधाला दाद देणार नाही.

२००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या तर्काला बळ देणारा अभ्यास आला. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेचा त्यात पुढाकार होता. त्याआधी २००४ मध्ये आयएएलटी या मोठ्या चाचणीचे निकाल आले होते. १,८६७ रुग्ण, सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. नंतर सिसप्लॅटिनची केमो मिळालेल्यांपैकी ४४.५ टक्के पाच वर्षांनी हयात होते, न मिळालेल्यांपैकी ४०.४ टक्के. म्हणजे शंभर जणांना केमो द्यावी तेव्हा त्यातले चौघे वाचणार, आणि ते चौघे कोण हे आधी कळायला काही मार्ग नाही. बाकीच्यांनी उलट्या, किडनीचा त्रास, कानांना दडे बसणं हे सगळं विनाकारण सोसायचं. ही अडचण खरी होती, आजही आहे.

तर त्याच चाचणीतल्या साठवून ठेवलेल्या ७६१ गाठी काढून ईआरसीसी१ साठी रंगवल्या. ४४ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. निगेटिव्ह गटात केमोमुळे मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी उतरला. पॉझिटिव्ह गटात फायदा दिसला नाही. जगभरच्या लॅबनी ही चाचणी उचलून धरली, आणि ती आपल्याकडच्या लॅबच्या पॅनेलमध्येही (एकत्र करायच्या तपासण्यांच्या संचात) आली.

२०१३ साली त्याच नियतकालिकात पुढचा अभ्यास आला आणि तो करणाऱ्यांत पहिल्या अभ्यासातली मंडळीच होती. त्यांनी आणखी दोन चाचण्यांमधल्या ४९४ गाठी घेतल्या, त्याच पद्धतीने रंगवल्या, पण आधीचा निकाल परत मिळाला नाही. मग त्यांनी आयएएलटीतल्याच ५८९ गाठी त्याच नावाच्या अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रोटीनला चिकटणाऱ्या रेणूच्या) नव्या बॅचने पुन्हा रंगवल्या, तर त्या गाठींचे निकालही बदलले. हे सगळं त्यांनी लपवून न ठेवता छापलं. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो, स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाची अशी झडती घेणारे फार थोडे असतात.

आता या धाग्यातला माझा मुख्य मुद्दा. २००६ च्या आकड्यांमध्येच एक गोष्ट होती जिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं नाही. ज्यांना केमो मिळाली नव्हती त्यांच्यात ईआरसीसी१ पॉझिटिव्ह असलेले रुग्ण जास्त जगले होते. म्हणजे ते प्रोटीन जास्त असणं ही औषधाविना चांगली खूण आणि औषधासाठी वाईट खूण, असं दोन्ही एकदम. आजार पुढे कसा जाईल हे सांगणारा मार्कर निराळा आणि अमुक औषध चालेल का हे सांगणारा निराळा. पहिला शोधायला रुग्णांचा एकच गट पुरतो. दुसरा शोधायचा तर औषध मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही गट लागतात, आणि तेही चिठ्ठी टाकून वाटलेले. 'केमो दिली, मार्कर जास्त होता, रुग्ण लवकर गेला, म्हणून मार्कर रेझिस्टन्सचा' असं लिहिणारे निबंध ढिगाने आहेत. त्यातल्या बहुतेकांत दुसरा गटच नसतो.

प्रश्न असतील तर विचारा. कुणाच्या वैयक्तिक रिपोर्टावर औषध सुचवणार नाही, ते काम तुमच्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टचं.

---

पारिजातक

वाचनखूण साठवली. ताई, एक अगदी प्राथमिक प्रश्न. 'रंगवल्या' म्हणजे नेमकं काय करतात? आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवतं कोण, यंत्र की माणूस?

---

सूक्ष्मदर्शी

बहुतेक ठिकाणी माणूस, आणि गोची तिथेच आहे.

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आमच्याकडे येतो. मग त्याचा मेणाचा ब्लॉक बनतो. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप मायक्रोटोमवर काढायचे, पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे. मेण काढलं की काप बफरमध्ये उकळतात, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकले गेलेले प्रोटीनचे भाग मोकळे होतात. मग अँटिबॉडी घालायची. ती आपल्या प्रोटीनला चिकटते आणि तिच्यावर रसायन टाकलं की त्या जागी तपकिरी रंग उमटतो. बाकी केंद्रकं हेमॅटॉक्सिलिनने निळी दिसतात. निळ्यात तपकिरी शोधणं हे आमचं काम.

ईआरसीसी१ चं तपकिरी केंद्रकात यायला हवं. रंग किती गडद ते ० ते ३ मध्ये मोजायचं, किती टक्के पेशी रंगल्या ते पाहायचं, दोन्हीचा गुणाकार करायचा, आणि एक रेघ मारायची, हिच्या वर पॉझिटिव्ह, खाली निगेटिव्ह. ती रेघ कुठे मारायची हे निसर्गाने ठरवून दिलेलं नाही. २००६ च्या अभ्यासात ती मध्यावर मारली होती. '१ की २' यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचंही एकमत होत नाही, मी रोज पाहते.

त्यात तुकडा येतो कसा, यावरही बरंच असतं. फॉर्मॅलिन १० टक्के आणि बफर केलेलं हवं, तुकडा त्यात किमान सहा तास राहायला हवा आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको. काही ठिकाणांहून बायोप्सी नुसत्या सलाइनमध्ये येते, काही ठिकाणी शनिवारची गाठ मंगळवारपर्यंत तशीच पडून असते. अशा तुकड्यावर केंद्रकातला रंग फिकट आला तर प्रोटीनच कमी आहे की ते आधीच खराब झालंय, हे ठरवता येत नाही. म्हणून मी कर्करोगाच्या पेशी पाहण्याआधी त्याच कापातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बघते. त्या रंगायलाच हव्यात. त्या कोऱ्या असतील तर रिपोर्ट 'निगेटिव्ह' असा देत नाही, 'तपासणीयोग्य नाही' असा देते.

---

घाटमाथा

उत्तम लेख. अँटिबॉडीबद्दल थोडी भर घालतो, माझी पीएचडी प्रोटीनवरच झाली.

त्या अभ्यासात वापरलेली अँटिबॉडी '८एफ१' नावाची. ती ईआरसीसी१ ला चिकटते हे खरं, पण पीसीवायटी१ए नावाच्या अगदी वेगळ्या, पेशीच्या पटलातली मेदद्रव्यं बनवणाऱ्या प्रोटीनलाही चिकटते, हे पुढे दाखवलं गेलं. तेही केंद्रकात सापडतं. म्हणजे स्लाइडवर दिसणाऱ्या तपकिरी रंगात ईआरसीसी१ चा वाटा किती आणि त्या दुसऱ्याचा किती, हे डोळ्यांनी वेगळं करणं अशक्य.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ईआरसीसी१ हे एकच प्रोटीन नाही. एका जनुकापासून चार प्रकार तयार होतात, २०१, २०२, २०३ आणि २०४ असे क्रमांक दिलेले. त्यातला फक्त २०२ सिसप्लॅटिनची जखम दुरुस्त करू शकतो. बाकी तिघे असले काय नसले काय, दुरुस्तीला उपयोग नाही. २०१३ च्या त्या अभ्यासात बाजारात मिळणाऱ्या १६ अँटिबॉडी तपासल्या आणि एकही अँटिबॉडी २०२ ला इतरांपासून वेगळं ओळखू शकली नाही. तेव्हा रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' आलं तरी काम करणारा प्रकार आहे की बिनकामाचा, हे कळतच नाही.

म्हणजे मूळ तर्क चुकला होता असं अजिबात नाही. उंदरात ईआरसीसी१ चं जनुक काढून टाकलं तर त्या पेशी सिसप्लॅटिनला फार हळव्या होतात, यात वाद नाही. मोजायचं साधन अपुरं पडलं.

---

विदर्भपुत्र

ताई, नमस्कार. माझ्या मामांचं ऑपरेशन झालंय, उजव्या फुफ्फुसाचा एक लोब काढला. रिपोर्टात अ‍ॅडेनोकार्सिनोमा, दुसरा टप्पा आहे. एका खासगी लॅबने आमच्याकडून वेगळे पैसे घेऊन 'केमो रेझिस्टन्स पॅनेल' करून दिलं. त्यात ईआरसीसी१ जास्त, आरआरएम१ कमी, बीटा ट्यूब्युलिन ३ जास्त, थायमिडिलेट सिंथेस कमी असं आहे. खाली लिहिलंय, सिसप्लॅटिनला प्रतिसाद कमी, जेमसिटाबिनला चांगला, टॅक्सेनला कमी, पेमेट्रेक्सेडला चांगला. आमचे डॉक्टर तरी सिसप्लॅटिनच देणार म्हणतात. घरात दोन तट पडलेत. मामी म्हणते, लॅब सांगतेय तर डॉक्टर ऐकत का नाहीत.

---

सूक्ष्मदर्शी

विदर्भपुत्र, मामांना आराम पडो. मामींना सांगा की डॉक्टर ऐकत नाहीत असं नाही, त्यांना या पॅनेलचा इतिहास माहीत आहे.

आरआरएम१ हे डीएनएचा कच्चा माल बनवणाऱ्या एन्झाइमचं अंग. जेमसिटाबिन तिथेच घाव घालतं, म्हणून प्रोटीन कमी तर औषध जास्त चालेल असा कयास. कागदावर पटतं. पण अमेरिकेत नेमकी हीच कल्पना चाचणीला लावून पाहिली. आजार पसरलेले २७५ रुग्ण. एका गटात आरआरएम१ आणि ईआरसीसी१ बघून प्रत्येकाला त्याच्या 'जुळणारी' जोडी दिली. दुसऱ्या गटात काहीही न बघता सगळ्यांना जेमसिटाबिन आणि कार्बोप्लॅटिन. २०१३ मध्ये निकाल आला. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ पहिल्या गटात ६.१ महिने, दुसऱ्यात ६.९. एकूण आयुष्य ११ महिने आणि ११.३. मार्कर बघून औषध निवडलेल्यांना कणभरही फायदा झाला नाही. डोळ्यांच्या मोजणीवर भरवसा नको म्हणून तिथे प्रोटीन यंत्राने मोजलं होतं, तरीही.

हे वाचून कुणालाही वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण मामांचं औषध अशा पॅनेलवर ठरवण्यासारखा पुरावा नाही. ईआरसीसी१ जास्त म्हणून सिसप्लॅटिन टाळलं तर ज्याचा फायदा हजारो रुग्णांत मोजून दाखवलाय ते औषध हातचं जाईल. पाच मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या सिसप्लॅटिन केमोने पाच वर्षांच्या जगण्यात ५.४ टक्क्यांची भर पडली होती.

पेमेट्रेक्सेडचं मात्र थोडं वेगळं आहे. ते थायमिडिलेट सिंथेसला अडवतं आणि हे एन्झाइम फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या स्क्वॅमस प्रकारात (मामांचा अ‍ॅडेनो हा वेगळा प्रकार) साधारणपणे जास्त असतं. २००८ मध्ये १,७२५ रुग्णांच्या चाचणीत सिसप्लॅटिनबरोबर पेमेट्रेक्सेड की जेमसिटाबिन, असं ताडून पाहिलं. अ‍ॅडेनोकार्सिनोमात पेमेट्रेक्सेडवाले १२.६ महिने जगले, जेमसिटाबिनवाले १०.९. स्क्वॅमसमध्ये बरोबर उलट, ९.४ विरुद्ध १०.८. म्हणून आज पेमेट्रेक्सेड स्क्वॅमसला देत नाहीत. पण हा निर्णय एन्झाइमच्या रंगावर होत नाही, गाठीच्या प्रकारावर होतो. तो प्रकार ठरवायला आम्ही टीटीएफ-१ आणि पी४० ही दोन प्रोटीनं रंगवतो. टीटीएफ-१ केंद्रकात आलं तर अ‍ॅडेनोकडे कल, पी४० आलं तर स्क्वॅमस. साधी वाटणारी ही जोडी त्या महागड्या पॅनेलपेक्षा औषध निवडायला कितीतरी जास्त उपयोगी पडते.

---

मुळा_मुठा

मी थोडा असहमत आहे. असं लिहिल्याने लोकांचा समज होईल की मार्कर म्हणजे लुबाडणूक. माझ्या वडिलांना पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रोटीन) बघूनच इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध) दिली आणि ते आज तीन वर्षांनी शेतावर जातात.

---

सूक्ष्मदर्शी

तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार आनंद झाला. आणि तुमचा आक्षेप रास्त आहे, तो भाग लिहायलाच हवा.

पीडी-एल१ हेही प्रोटीनच, ब्लॉकही तोच, रंगही तोच तपकिरी. फरक पुराव्यात आहे. २०१६ च्या चाचणीत ज्यांच्या निम्म्या किंवा जास्त कर्करोगपेशींवर पीडी-एल१ आहे अशा ३०५ रुग्णांना चिठ्ठी टाकून पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) किंवा केमो दिली. आजार थोपवून धरण्याचा काळ १०.३ महिने विरुद्ध ६. पुढे पाच वर्षांनी हयात ३१.९ टक्के विरुद्ध १६.३. केमोच्या गटातल्या बऱ्याच जणांना नंतर इम्युनोथेरपी मिळूनही एवढा फरक. इथे मार्कर, अँटिबॉडी, रेघ आणि औषध हे चारही एकत्र तपासले होते.

तरी तोही अचूक नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटिबॉडी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा २२सी३, २८-८ आणि एसपी२६३ या तिघी जवळपास सारख्या निघाल्या, एसपी१४२ कर्करोगपेशी कमी रंगवते. म्हणून रिपोर्टात अँटिबॉडीचं नाव असतं, ते वाचत जा. शिवाय गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या) पेशीही पीडी-एल१ ने रंगतात. त्या कर्करोगपेशी समजून मोजल्या तर आकडा फुगतो. आणि मोजायला किमान शंभर जिवंत कर्करोगपेशी लागतात, छोट्या बायोप्सीत तेवढ्या मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

एएलके तर सगळ्यात समाधान देणारा. एएलके जनुक दुसऱ्या जनुकाला चुकून जोडलं जाऊन बनणारं हे जोडजनुक जपानी गटाने २००७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगात शोधलं. नॉर्मल फुफ्फुसात हे प्रोटीन जवळजवळ नसतंच, त्यामुळे डी५एफ३ अँटिबॉडीने पेशी गडद रंगल्या की शंकेला जागा राहत नाही. आहे किंवा नाही. '१ की २' चा घोळच नाही.

---

घाटमाथा

ईजीएफआरचंही सांगा ना. तो तर याच मुद्द्याचा नमुना आहे.

---

सूक्ष्मदर्शी

बरोबर, राहिलंच. सुरुवातीला लोक ईजीएफआर हे प्रोटीन किती आहे ते रंगवून पाहत होते. जास्त असेल तर जेफिटिनिब (ईजीएफआरला अडवणारी गोळी) चालेल, असा अंदाज. तो फसला. २००४ मध्ये कळलं की प्रोटीन किती यापेक्षा जनुकात विशिष्ट म्युटेशन आहे का, ते महत्त्वाचं. २००९ ला आशियातल्या रुग्णांवरच्या चाचणीत म्युटेशन असलेल्यांना केमोपेक्षा जेफिटिनिब सरस ठरलं आणि म्युटेशन नसलेल्यांचं त्याने नुकसान झालं. दोन्ही गटांत तीच गोळी.

आणि इथे आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम अभिमानाने सांगावंसं वाटतं. त्यांनी ईजीएफआर म्युटेशन असलेल्या ३५० रुग्णांत नुसतं जेफिटिनिब आणि जेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन, अशी तुलना केली. २०२० मध्ये छापून आलं. आजार थोपवण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. आपल्याच लोकांवर, आपल्याला परवडणाऱ्या औषधांनी. जुनी केमो आणि नवी गोळी एकमेकींना पूरक ठरल्या. त्रासही वाढला हे खरं, पण एवढ्या फायद्यापुढे अनेक रुग्ण तो पत्करतात.

---

दर्यावर्दी

रक्ताच्या ट्यूमर मार्करबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे आईचं सीईए दर महिन्याला करतात. ७ चं ९ झालं की घरात कुणी जेवत नाही.

---

सूक्ष्मदर्शी

७ चं ९ यावर जेवण सोडू नका. एवढी हालचाल यंत्र बदललं, किट बदललं तरी होते. एकाच लॅबमध्ये करत राहा आणि आकड्याचा कल बघा, एखादा सुटा आकडा धरून बसू नका. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए कर्करोग नसतानाही वाढलेलं असतं. सायफ्रा २१-१ हा रक्तातला दुसरा मार्कर, केराटिनचा तुकडा, किडनी मंद असेल तर तो रक्तात साठतो. एनएसई हा तिसरा मार्कर फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या स्मॉल सेल प्रकारात वाढतो, पण तो लाल पेशींमध्येही असतो. रक्त घेताना किंवा नेताना नमुना फुटला, सीरम गुलाबी दिसलं, की एनएसई खोटा वाढलेला येतो. असा आकडा आला तर आधी नमुना परत द्या.

शस्त्रक्रियेआधी सीईए बरंच वाढलेलं असलं तर पुढची वाट जरा बिकट असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण कोणतं औषध द्यायचं ते या आकड्यावरून ठरत नाही. उपचार लागू पडताहेत की नाही हे सीटी स्कॅनवर ठरतं.

---

केमो_सिस्टर

मी डे केअरमध्ये सिसप्लॅटिन लावते, म्हणून लिहिते. या औषधाची भीती लोकांत खूप आहे आणि म्हणूनच 'तुम्हाला हे चालणार नाही' असं लिहिलेला कागद हातात आला की नातेवाइकांना सुटका वाटते. मी ते चेहरे बघते.

पण आता उलट्यांची औषधं पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. किडनी सांभाळायला आधी-नंतर सलाइन आणि मॅग्नेशियम देतो, लघवी किती झाली ते लिहून ठेवतो. कानात सूं सूं आवाज येतोय का, बोटांना मुंग्या येतात का, हे दर वेळी विचारतो, तुम्हीही न विचारता सांगत जा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, ऐकू कमी येत असेल, वय फार असेल तर डॉक्टर कार्बोप्लॅटिनवर नेतात. सिसप्लॅटिन टाळायची खरी कारणं ही आहेत. ईआरसीसी१ वरून बदललेलं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

---

कृष्णाकाठ

माझ्या वडिलांच्या वेळी असाच कागद आला होता, आणि आम्ही केमो घेतली नाही. ते गेले. घेतली असती तर वाचले असते असं मी म्हणत नाही. पण हे तेव्हा कुणी एवढं समजावून सांगायला हवं होतं.

---

सूक्ष्मदर्शी

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत, आभारी आहे. तेव्हा तुमच्या हातात जो कागद होता त्यावर विश्वास ठेवण्यात तुमचा काहीच दोष नाही. छापील रिपोर्टावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर? तो कागद देणाऱ्यांनी खाली एक ओळ लिहायला हवी होती, की यावरून उपचार ठरवू नयेत.

---

पारिजातक

कृष्णाकाठ, _/\_

घाटमाथा, एक विचारू? मग रेझिस्टन्स येतो कशाने? एखादं तरी प्रोटीन असेलच ना ज्यावर बोट ठेवता येईल?

---

घाटमाथा

अवघड आहे, कारण सिसप्लॅटिनला प्रत्येक टप्प्यावर अडवणारं कुणीतरी असतं. आत शिरण्यासाठी ते तांबं वाहून नेणाऱ्या सीटीआर१ या वाटेचा काही अंशी उपयोग करतं, ती वाट कमी असली तर औषधच कमी पोचतं. आत आल्यावर ग्लुटाथायोन त्याला धरून निकामी करतं. फुफ्फुसाच्या बऱ्याच गाठींत केईएपी१ हे लगाम घालणारं प्रोटीन बिघडलेलं असतं, त्यामुळे त्याच्या ताब्यातलं एनआरएफ२ कायम चालू राहतं आणि ग्लुटाथायोनचा साठा वाढतो. त्यातून औषध डीएनएपर्यंत गेलंच तर दुरुस्ती आहे, ज्यात ईआरसीसी१ एक. दुरुस्ती फसली तरी पेशीने मरायला हवं, तिथे पेशीला मरायला लावणारं पी५३ मोडलेलं असतं, बीसीएल-२ कुटुंबातली प्रोटीनं मरण अडवून धरतात. एवढ्या सगळ्यातून एकच प्रोटीन मोजून भाकीत करणं कितपत जमणार? त्यात एकाच गाठीच्या दोन टोकांना चित्र वेगळं असतं, आणि औषध सुरू झाल्यावर तर टिकलेल्या पेशी वाढून ते आणखी बदलतं. ऑपरेशनच्या दिवशीचा ब्लॉक दीड वर्षांनी परतलेल्या आजाराबद्दल फार काही सांगू शकत नाही.

मला स्वतःला आशा वाटते ती स्मॉल सेलमध्ये. तिथे एसएलएफएन११ नावाचं प्रोटीन आहे. ते असेल तर डीएनएला जखम करणाऱ्या औषधांनी पेशी लवकर मरतात, नसेल तर तग धरतात. केंद्रकात रंगतं, ओळखायला सोपं. पण रोजच्या वापरात यायला त्यालाही ताईंनी सांगितलेली दोन गटांची कसोटी पार करावी लागेल.

---

विदर्भपुत्र

ताई, काल डॉक्टरांना भेटलो, मामीलाही नेलं. तुमचे मुद्दे लिहून नेले होते. त्यांनी शांतपणे समजावलं, आणि म्हणाले की ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ आधी करू. पण ब्लॉक त्या खासगी लॅबकडेच आहे, आणि लॅब म्हणते आता थोडंच मटेरियल शिल्लक आहे. काय करू?

---

सूक्ष्मदर्शी

विदर्भपुत्र, ब्लॉक आजच परत मागा. लेखी अर्ज द्या, त्यावर बायोप्सी नंबर आणि ब्लॉक नंबर घाला. ब्लॉक रुग्णाच्या उपचारासाठी मागितला तर तो द्यायला हवा. पोस्टाने मागवू नका, स्वतः जाऊन आणा आणि उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

दुसरं, लोब काढलाय म्हणजे एकच ब्लॉक नसणार. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीत गाठीचे आणखी ब्लॉक असतात, बहुतेक वेळा खासगी लॅबला त्यातला एकच दिलेला असतो. तिथे जाऊन विचारा, 'ट्यूमरचे बाकीचे ब्लॉक कोणते, आणि सगळ्यात जास्त ट्यूमर कुठल्यात आहे?' तिथले पॅथॉलॉजिस्ट जुन्या स्लाइड बघून लगेच सांगतील.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य आहे. ईजीएफआर म्युटेशन निघालं तर शस्त्रक्रियेनंतर ओसिमर्टिनिबचा पर्याय असतो. त्या चाचणीत पाच वर्षांनी गोळी घेणारे ८८ टक्के हयात होते, न घेणारे ७८. एएलके निघालं तर अलेक्टिनिब आहे. हे दोन रिपोर्ट येईपर्यंत इम्युनोथेरपीचा निर्णय थांबवतात, कारण अशा गाठींत पीडी-एल१ जास्त दिसलं तरी इम्युनोथेरपी फारशी लागू पडत नाही. लॅबला फॉर्मवरच लिहून द्या की काप आधी या तीन तपासण्यांसाठी काढावेत. प्रत्येक वेळी ब्लॉक मायक्रोटोमला लावताना पृष्ठभाग सपाट करण्यातच थोडी गाठ छिलून जाते, तेव्हा सगळे काप एकाच बैठकीत काढून घ्यायला सांगा.

केमो मात्र या सगळ्यासाठी फार लांबवू नका. जखम भरली, मामा हिंडूफिरू लागले की साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत ती सुरू व्हावी असं बघतात. ऑपरेशनची तारीख सांगून डॉक्टरांना विचारा, रिपोर्ट यायच्या आत पहिली सायकल देता येईल का.

---

विदर्भपुत्र

हॉस्पिटलात आणखी चार ब्लॉक निघाले ताई. दोन घेऊन उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. पहिली सायकल सोमवारी, सिसप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड.

---

केमो_सिस्टर

विदर्भपुत्र, पेमेट्रेक्सेड आहे तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी१२ चं इंजेक्शन साधारण आठवडाभर आधी सुरू झालेलं असतं. झालंय का ते आजच फोन करून विचारून घ्या.